शिलाई मशिनच्या खणातला सुंबा

"त्या सतरंजीवरचं काय उचलशील तर बघ!"

आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून कढईत पुऱ्या सोडत होती. तरी तिला दिसलं. मी काही उचललं नव्हतं, नुसती वाकले होते.

"आई, एकच सुंबा दे ना. सगळ्यात बारका. लगेच परत ठेवते, शप्पथ."

"हळदकुंकू लागलंय त्याला. आता उद्या पूजा हलवल्याबिगर हात लावायचा न्हाई. नववीत गेलीस नव्हं? एवढं बी कळंना?"

खंडेनवमी होती. आमच्या घराला लागूनच बाबांचं ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्तीचं गॅरेज आहे. वर्षभर ग्रीसमध्ये लोळणारी हत्यारं त्या दिवशी डिझेलनं धुवून, घासून, पुसून ओसरीवरच्या सतरंजीवर मांडायची. पाने, पक्कडी, हातोडे, छिन्न्या आणि पिना ठोकून काढायच्या सुंब्यांचं सगळं खानदान, आजोबापासून नातवंडापर्यंत, उंचीप्रमाणे ओळीनं. वर झेंडूच्या माळा, कडेला ऊस. एकदा कुंकवाचं बोट लागलं की ती हत्यारं राहत नाहीत, देव होतात. आणि देवाला काय पिना काढायला लावतात का?

पण मला पिनच काढायची होती. तीही आजोबांच्या पिस्तुलाची.

हे पिस्तूल म्हणजे आमच्या घराची शान. आजोबा गावचे पोलीस पाटील होते, तेव्हाचं ते लायसनचं. दसऱ्याला शीव ओलांडताना आजोबा हवेत एक बार काढायचे आणि मगच गाव सोनं लुटायला धावायचं. आजोबांनंतर लायसन बाबांच्या नावावर झालं आणि बारही बाबाच काढायला लागले. मला ते अंधूक आठवतं. शशीकाकाच्या खांद्यावर बसून मी कान दाबून धरायचे, आणि काका मुद्दाम माझे हात ओढून काढायचा.

शशीकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. मी दुसरीत असताना ट्रॅक्टर उलटून तो गेला. ट्रॅक्टर बाबा चालवत होते. त्या उन्हाळ्यात मला मामाकडे निपाणीला नेऊन ठेवलं होतं. परत आले तेव्हा बाबा पुन्हा गॅरेजला जायला लागले होते, आईच्या कानामागचे केस पांढरे झाले होते, आणि दसऱ्याचा बार कायमचा बंद झाला होता. "आता कायद्यानं बंदी हाय," बाबा म्हणायचे. पिस्तूल वर्षातून एकदा कपाटातून निघायचं, पूजेत मधोमध बसायचं, आणि परत कपाटात.

"कायदा बियदा काय न्हाई," केरबाकाका म्हणायचे. हे बाबांचे तालमीतले दोस्त. पोट सुटलेलं, आवाज अजून आखाड्यातलाच. खंडेनवमीला सगळ्यात आधी हजर. त्या दिवशीही सकाळीच ओसरीवर मांडी ठोकून, चहाची बशी तोंडाला लावून त्यांनी सुरू केलं.

"आनंदा, पिस्तूलच बंद पडलंय तुझं. खरं बोल. बापाचं हत्यार गंजवलंस."

तालमीतले आणखी चारपाच जण बसले होते. सगळे हसले. बाबाही हसले. असं काही ऐकलं की बाबा हसायचेच, पण ते हसू ओठाच्या एका कोपऱ्यात यायचं आणि तिथंच वाळायचं.

मला ते हसू अजिबात सहन व्हायचं नाही. आणि त्या वर्षी तर मी कुणाला ऐकणारी राहिले नव्हते! नुकतीच एनसीसीच्या पहिल्या कॅम्पला जाऊन आले होते. रायफल 'खोलना-जोडना'मध्ये पहिली. डोळ्यांवर पट्टी बांधून. त्याआधी शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की बाकाखाली तोंड लपवणारी मी, कॅम्पहून आले ती छाती काढूनच. घरात चालतानाही डावा-उजवा करत होते.

"बंद नाहीये काही," मी म्हणाले. "नुसतं साफ करायला पाहिजे. मी करते. मग केरबाकाका, तुमच्या कानाजवळ धरून खटका वाजवून दाखवते, बघा."

"राहू दे गं प्रांजू," बाबा म्हणाले.

"दे की पोरीला," केरबाकाका म्हणाले. "मिलिट्रीत जाणार हाय ती. का भ्यालास?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा आत जाऊन पिस्तूल घेऊन आले. गोळ्या त्यात कधीच नसायच्या, तरी त्यांनी मॅगझिन काढून दाखवलं, नळी उजेडाकडे धरून दाखवली आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं.

"वरनं पूस फक्त. उघडायचं न्हाई. कळलं?"

"हो हो हो."

बाबा पूजेला ऊस कमी पडत होता तो आणायला मळ्याकडे गेले. आणि मी उघडायला बसले.

आता खरं सांगते, तेव्हा मला वाटत होतं की मी बाबांसाठीच हे करतेय. ते ऊस घेऊन येतील, पिस्तूल लखलखत असेल, खटका खाट्कन वाजेल, केरबाकाकांची बशी हातातच राहील, आणि बाबा अख्खं हसतील. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत. बस, एवढंच पाहिजे होतं मला.

पिस्तुलाच्या मागच्या भागात एक बारीक आडवी पिन होती. ती निघाली की मागचा तुकडा सुटणार. मोबाईलवर तसल्या पिस्तुलाचे व्हिडिओ मी चार दिवस आधीपासून बघून ठेवले होते. पिन काढणं ही ताकदीची गोष्ट नाही, निवडीची आहे. काढायची कांडी पिनेपेक्षा जराशी बारीक पाहिजे. जाड असली की भोक फाटतं. फार बारीक असली की पिनेच्या डोक्यात रुतते. अंगानं सरळ पाहिजे, निमुळती नको. टोक सपाट किंवा बोथट, अणकुचीदार तर मुळीच नको. म्हणजे बारका सुंबा. आणि आमचे सगळे सुंबे देव होऊन बसले होते.

मग मी घर पालथं घातलं. कंपासपेटीतला कंपास आणला. केरबाकाका म्हणाले, "हाण की." मी म्हणाले, "काका, हा निमुळता आहे. आत जाईल तसा भोक फाकवत जाईल." विणायची सुई आणली, ती ॲल्युमिनियमची, पहिल्याच ठोक्याला वाकली असती. पोती शिवायचं दाभण, अणकुचीदार. सायकलच्या चाकाचा आरा जाडीला अगदी बरोब्बर होता, पण ठोकला की धनुष्यासारखा वाकणार. खिळा तर मी हातातसुद्धा घेतला नाही.

"खिळ्यानं काय होतंय?" काकांनी विचारलं.

"हे बघा काय होतंय," मी पिस्तूल त्यांच्या नाकाशी नेलं. "ही पिन आधी एकदा कुणीतरी काढलीय. खिळ्यानं! दिसतोय हा खड्डा? आणि हा बाजूला घसरलेला ओरखडा? एकदम अडाणी काम. घाईघाईनं केलंय."

"तुझ्या आजोबानं केलं आसंल."

"आजोबांच्या वेळचा असता तर आत मळ बसला असता. हा ओरखडा चकचकीत आहे. आणि एकदाच उघडलंय हां, दोनदा नाही. दुसऱ्यांदा उघडलं असतं तर दुसरी खूण असती." मी अगदी टीव्हीवरच्या फौजदारासारखी बोलत होते. सगळे कौतुकानं ऐकत होते, त्यामुळं थांबायचं कारणच नव्हतं.

शेवटी मला आईचं शिलाई मशिन आठवलं.

मशिनलाही हार घातला होता, कुंकू लावलं होतं. पण खणाला लावलं नव्हतं! मी आधी नीट बघून घेतलं आणि मग खण ओढला. बॉबिनी, खडूचे तुकडे, हुकांची पाकिटं, मोडक्या सुया. आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, ब्लाउजच्या अस्तराच्या चिंधीत गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं काहीतरी. सोडलं तर आत पोलादाची एक छोटीशी कांडी. एक बाजू जाड, दुसरी बारीक. टोक बोथट, गुळगुळीत. अंगानं सरळसोट. मी ती पिनेवर टेकवून पाहिली, तर जराशी बारीक. म्हणजे हवी तशीच! मला वाटलं, मशिनचाच काहीतरी भाग असणार. देवच पावला.

"काय शोधायलीस गं खणात?" आतून आई.

"काही नाही. सापडलं!"

हातोडाही पूजेत होता, म्हणून लाटणं घेतलं. पिस्तुलाखाली दोऱ्याचं जुनं लाकडी रीळ उभं धरलं, म्हणजे पिन निघाली की रिळाच्या भोकात पडेल, हरवणार नाही. ही युक्ती कुठल्याही व्हिडिओत नव्हती, माझी स्वतःची. टक्. टक्. टक्. तिसऱ्या ठोक्याला पिन हलली, पाचव्याला रिळात पडली. नवीन ओरखडा? शून्य. "बघा काका, याला म्हणतात काम," मी म्हणाले आणि मागचा तुकडा काढला.

तेवढ्यात बाबा खांद्यावर ऊस घेऊन अंगणात आले. माझ्या मांडीवर उघडं पिस्तूल बघून जागच्या जागी थांबले.

"प्रांजू, तुला सांगितलं होतं—"

"बाबा, बाबा, आधी इकडं बघा! यात फायरिंग पिनच नाहीये!"

फायरिंग पिन म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं असं नाही, म्हणून मी समजावूनही दिलं. घोडा पडतो, तो या पिनेवर आपटतो, पिन गोळीच्या बुडाला ठोसा देते, मग बार होतो. ती नसेल तर पिस्तूल म्हणजे नुसतं लोखंड.

केरबाकाकांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हणत न्हवतो? सात वर्सं हार घालतोय आनंदा, लोखंडाला!"

ओसरी हसून हसून लोळायला लागली. आणि बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात तेच ते हसू आलं. मी ते पाहिलं. मी हे काय केलं? त्यांना मोठं करायला निघाले आणि आणखी लहान केलं. काहीतरी करायला पाहिजे होतं, लगेच. मी त्या रिकाम्या भोकाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कांडीकडे. एक बाजू जाड, एक बारीक. व्हिडिओतल्या चित्रात हुबेहूब अशीच होती.

मी ती भोकात सरकवली. सुळकन गेली. जशी काही घरी परतली.

"बसली!" मी किंचाळले. "बाबा, बसली! हीच ती! बंद नाहीये पिस्तूल, पिन नुसती बाहेर होती. आईच्या मशिनच्या खणात! चिंधीत बांधून ठेवली होती!"

आई तेव्हाच पुऱ्या आणि बासुंदीच्या वाट्यांचं ताट घेऊन दारात आली होती.

"वहिनी," केरबाकाका हसत म्हणाले, "पिस्तुलावर शिवण घालता का काय?"

पुन्हा हशा. आई हसली नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मला वाटलं, आता मला बेदम मार बसणार. खणात हात घातला म्हणून.

बाबांनी ऊस भिंतीला टेकवून ठेवला. अगदी सावकाश. मग म्हणाले, "त्यात काय एवढं? पिन न्हाई, हे मला माहीत हाय की. घरात लेकरू हाय. चालतं पिस्तूल कशाला ठेवू? म्हटलं, असू दे खणात."

आई त्यांच्याकडे वळली. "तुमाला ठावं होतं?"

एवढंच. पण असं म्हणाली, की केरबाकाकांनी हातातली बशी खाली ठेवली. ताट एका बाजूला कलत होतं, एक वाटी घसरली, बासुंदी उंबऱ्यावर सांडली. तिचं लक्षच नव्हतं.

"कधीपासनं?"

"नारळ आण जा," बाबा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "पूजा करून घेऊ."

पूजा झाली. मधली जागा रिकामीच राहिली. पिस्तूल वर्तमानपत्रावर उघडंच पडलं होतं, ते बाबांनी घेतलंच नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, मार बसायचा तो बसून जाऊ दे. आई गॅसपुढे उभी होती. तेल तापून धूर सुटला होता आणि ती झारा हातात धरून नुसती उभी. मी पटकन गॅस बंद केला.

"सॉरी आई. मला वाटलं, मशिनचा पार्ट आहे."

"प्रांजू," ती म्हणाली, "त्यांनी कवा बघितलं आसंल गं? उघडून बघितलं आसंल का? मधी कवातरी, साफ करताना?"

तिनं मला असं काही कधी विचारलं नव्हतं. जशी काही मी मोठी होते आणि ती लहान. आणि मला उत्तर येत होतं! मला सगळं येत होतं त्या दिवशी.

"छे! उघडलेलंच नाही," मी म्हणाले. "त्या पिनेवर एकच खूण आहे, खिळ्याची. एकदाच उघडलंय, कुणीतरी अडाण्यानं. बाबा असते तर सुंब्यानं काढली असती. बाबांनी कधीच उघडलं नाही, मी पैजेवर सांगते."

"ती खूण माझी," आई म्हणाली. "खिळा आन् बत्ता."

"तू? तू उघडलंस पिस्तूल?" मला हसूच आलं. "कशाला?"

आईनं झारा खाली ठेवला, पदर खोचला आणि मागच्या दारानं बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं. बाबा गॅरेजच्या मागं डिझेलच्या पिंपाशी उभे होते. आई त्यांच्यासमोर जाऊन काहीतरी बोलली. त्यांनी मान खाली घातली. मग माझ्या आईनं, जिनं बाबांना कधी आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नव्हतं, दोन्ही मुठींनी बाबांच्या छातीवर मारलं. एकदा. परत एकदा. बाबा हलले नाहीत. मग तिनं त्यांचा शर्ट मुठीत धरला आणि धरूनच उभी राहिली.

मला वाटलं, भांडण झालं. सणाच्या दिवशी, माझ्यामुळं, एका पिनेवरून. आणि खरं सांगायचं तर मी फुगून बसले. एवढं भारी काम केलं, रिळाची युक्ती काढली, एक ओरखडा पडू दिला नाही, आणि कुणी शाबास म्हणायला तयार नाही.

दिवाळीआधी बाबांनी पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करून टाकलं. पिन मात्र आईनं परत तिच्या खणात ठेवली.

ती राहिलेली शाबासकी मला शाळेत मिळाली. "अगं, आमच्या आईनं काय केलं माहितीये? पिस्तुलाची फायरिंग पिन शिलाई मशिनच्या खणात!" मी ही गोष्ट वर्गात सांगितली, मग ऑफ तासाला दुसऱ्या तुकडीत सांगितली. गॅदरिंगला स्टेजवर सांगितली, केरबाकाकांच्या आवाजासकट. आईचं "तुमाला ठावं होतं?" तर मी असं म्हणून दाखवायचे, हातातलं ताट कलतं करून, की पहिल्या रांगेतल्या बाईसुद्धा रुमाल तोंडाला लावायच्या. दहावीत सांगितली. कॉलेजला गेल्यावर, नवीन मैत्रिणी झाल्यावर, परत सांगितली. ती माझी हुकमी गोष्ट होती. भित्री प्रांजल संपली ती या गोष्टीनं, असं मी स्वतःच म्हणायचे.

यंदाच्या जूनमध्ये एनसीसीचा मोठा कॅम्प होता. दुपारी रायफलीचा तास. आंब्याच्या झाडाखाली आम्ही मुली गोल करून बसलो होतो, आणि शिकवायला हवालदार शिंगटे सर होते. साताऱ्याकडचे, मिशीवाले, रागावले तरी 'बेटा' म्हणणारे. त्यांनी बोल्ट उघडून फायरिंग पिन दाखवली आणि मुलींनी लगेच गलका केला. "सर, प्रांजलकडं हिची एक गोष्ट आहे! सांग की गं, सांग की!"

"सांग," सर म्हणाले. "करमणूक होऊ दे."

मी उभी राहिले. सगळी सांगितली, हातवारे करून. सुंब्यांचं खानदान, कंपास, दाभण, लाटणं. मुली लोळत होत्या. सरही मिशीत हसत होते. मी आईचं ताट कलतं केलं. मी स्वयंपाकघरातलं सांगितलं, "पैजेवर सांगते, बाबांनी कधीच उघडलं नाही!"

सर हसायचे थांबले.

"एक मिनिट," ते म्हणाले. "वडलांनी उघडलंच नव्हतं म्हणतीस?"

"नाही ना सर! एकच खूण होती, आईची."

"आणि आईनं सांगितलंही नव्हतं."

"नाही."

"मग त्यांना कळलं कसं? पिन नसलेलं हत्यार बाहेरनं धडच दिसतं. घोडा पडतो, खटका वाजतो, सगळं बरोबर. ते कळतं फक्त एकाच वेळी, आत गोळी भरून चाप..."

ते तिथंच थांबले. माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या बोल्टकडे.

"घरात तेव्हा काही झालं होतं का, बेटा?"

"काका गेला होता," मी म्हणाले. "बाबांच्या हातून. म्हणजे ट्रॅक्टर बाबा..."

आणि तिथं मला कळलं.

मुलींचं हसणं अजून पुरतं थांबलं नव्हतं. मागच्या रांगेत कुणीतरी "वहिनी, शिवण घालता का काय?" म्हणून खिदळलं. माझाच आवाज, माझ्याच लकबीत. मीच शिकवलेला.

"खाली बस," सर हळूच म्हणाले. "आणि ही गोष्ट आता परत सांगू नको."

मी बसले. माझे कान एवढे तापले होते की सर पुढं काय शिकवत होते ते मला कळलं नाही. मला फक्त आई दिसत होती. गॅसपुढे. झारा हातात. 'उघडून बघितलं आसंल का?' किती वर्षं तिला वाटत होतं की तिनं वेळेआधी दार लावलं. त्यांनी हात लावायच्या आत. आणि तिनं त्या एका प्रश्नाला धरून ठेवलं होतं, बोटांनी, नखांनी. मी 'हो, बघितलं असेल' म्हणाले असते, तर तिला धरायला काहीतरी राहिलं असतं. पण मला सगळं येत होतं. मी तिला पुराव्यासकट सांगितलं की नाही, तुझ्या नवऱ्यानं उघडून बघितलेलं नाही. त्याला दुसऱ्याच रस्त्यानं कळलंय.

आणि मग तीन वर्षं मी तिचा तो चेहरा करून टाळ्या घेतल्या.

कॅम्पहून घरी गेले तेव्हा बाबांनी नेहमीसारखी माझी बॅग स्टँडवर घेतली आणि "वाळलीस गं," म्हणाले. मी त्यांच्या मागून चालत आले. त्यांच्या मानेवर ग्रीसचा काळा पट्टा होता. मला तो पुसावासा वाटला आणि हात पुढं होईना. घरी गेल्यावर आईला काही बोलायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिनं विचारलं, "भूक लागली?" आणि दोन्ही वेळा मी हो म्हणाले.

परवाची खंडेनवमी. बाबांनी हत्यारं मांडली. सुंबे ओळीनं. पलीकडे आईचं मशिन, आणि मशिनसमोर एका वाटीत कात्री, बॉबिन आणि ती पिन. त्या वर्षानंतर आई ती दरवर्षी बाहेर काढून ठेवते. मी दोन वर्षं ती बघून हसले होते.

केरबाकाका आले. गुडघा धरून बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "हां प्रांजल, होऊ दे! ती पिस्तुलाची गोष्ट! आवंदा हे आमचे पाव्हणे आल्यात कागलचे, त्यांनी ऐकली न्हाई. सांग की, वहिनी ताट घेऊन येती ती."

पाहुणे माझ्याकडे वळून बसले. बाबा वाकून सुंब्यांना कुंकू लावत होते. आई मशिनला हार घालत होती. दोघांनी वर बघितलं नाही. आत्ता कळलं मला, मी सांगायला लागले की ते दोघं दरवर्षी असंच खाली बघायचे.

"विसरले, काका," मी म्हणाले.

"आँ? तू? विसरलीस?"

"हो. नाही आठवत."

बाबांचं कुंकवाचं बोट एका सुंब्यावर थांबलं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बघू शकले नाही, मी खाली बघितलं. पण माझं तोंड लाल झालं होतं, कान तापले होते, आणि ते लपवायला मला कुठंच जागा नव्हती. त्यांनी ते पाहिलं.

"जाऊ दे रे केरबा," ते म्हणाले. "जुनं झालं ते."

मग उठले, मशिनजवळ गेले, वाटीतल्या पिनेला कुंकू लावलं.

"फुलं दे गं," आई मला म्हणाली. मी परडी पुढं केली.